घराणं शोधायचं तर गाव धरा

(देवळी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मी तत्त्वज्ञानाचा माणूस. इतिहास हा माझा पेशा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण निवृत्तीनंतर लोक एकच प्रश्न घेऊन घरी येऊ लागले आणि मला या वाटेला लागावं लागलं. प्रश्न असा : "सर, आमच्या घराण्याचा चार-पाचशे वर्षांचा इतिहास कुठे मिळेल?"

अलीकडे हा प्रश्न जास्त येतो आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. जातपडताळणीसाठी कुणाला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, कुणाला १९६१ च्या, कुणाला १९६७ च्या. मग कोतवाल बुक निघतं, शाळेचा दाखल-खारीज निघतो, मोडी वाचणारा माणूस शोधला जातो. आणि एकदा पणजोबाचं नाव जुन्या कागदावर बघितलं की माणूस तिथे थांबत नाही. त्याला पणजोबाचा पणजोबा हवासा वाटतो. मला यात काही गैर वाटत नाही. फक्त हा शोध कुठे आणि कसा घ्यायचा, आणि त्यात फसायला कुठे होतं, एवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. देवळीचं नाव जगभरच्या इतिहासाच्या ग्रंथालयांत आहे, हे इथे किती जणांना माहीत आहे? राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा एक ताम्रपट या देवळीत सापडला. शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका' या नियतकालिकाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला. भाऊ जगत्तुंग याच्या नावानं राजानं एक गाव दान दिलं, त्याचा हा लेख. ते गाव 'नागपूर-नंदिवर्धन' या विभागात होतं. नागपूर हे नाव आज माहीत असलेल्या लेखांत पहिल्यांदा येतं ते इथे, आपल्या देवळीच्या ताम्रपटात. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन.

आता गंमत बघा. या ताम्रपटात राजाची वंशावळ दिली आहे. ती सुरू कुठून होते? चंद्रापासून. चंद्राच्या वंशात यदू, यदूच्या वंशात सात्यकीची शाखा, मग रट्ट नावाचा पुरुष, त्यापासून राष्ट्रकूट. पण याच घराण्याचे सुरुवातीचे ताम्रपट काढून बघा. तिथे यदूचा पत्ता नाही. यादव वंशाचा दावा नवव्या शतकात दिसू लागतो. राज्य मोठं झालं तसा पूर्वज मोठा झाला.

आणि त्याच ताम्रपटात दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा आहेत. त्यांत कन्हान नदी येते. कन्हान आजही तिथेच वाहते आहे.

म्हणजे एकाच पत्र्यावर दोन प्रकारचं बोलणं आहे. वंशाचं आणि शिवेचं. वंशाबद्दल वाढवून सांगितलं तर दरबारात कोण उठून विचारणार? पण शीव खोटी सांगितली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं गाव दारात उभं. म्हणून मी म्हणतो, जुन्या कागदात वंश तपासून घ्यावा आणि गाव धरून ठेवावं. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

मध्ययुगात कागद कशासाठी लिहिला जात असे? आपल्याकडे जन्म-मृत्यूची सार्वत्रिक नोंदवही नव्हती. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवायला सुरुवात केली. त्याच्या मागे जायचं म्हटलं की तिथलाही शोधकर्ता अडतो आणि जमिनीच्या, न्यायालयाच्या कागदांकडे वळतो. तिथे या कामासाठी खास संस्था आहेत. 'फाउंडेशन फॉर मिडीव्हल जिनिऑलॉजी' ही त्यातलीच एक, आणि 'फाउंडेशन्स' हे तिचं नियतकालिक. आपल्याकडे 'मध्ययुगीन वंशशोध' अशी पाटी लावलेली संस्था तुम्हाला सापडणार नाही. पण ते काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या नावात 'इतिहास संशोधन' आहे, म्हणून घराणं शोधणारा माणूस त्यांच्या पायऱ्या चढत नाही. त्याला वाटतं, तिथे शिवाजी महाराजांचं काही असेल, आपलं काय?

आपलंच असतं. कारण आपल्याकडचा कागद हक्कासाठी लिहिला गेला. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, बलुतं. हक्कावरून भांडण झालं की दोन्ही पक्ष आपापली हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. "आमचा मूळपुरुष अमुक, त्याला इतके लेक, थोरल्यानं गाव वसवलं, धाकटा परागंदा झाला..." असा करीना म्हणजे घराण्याचा लिखित इतिहासच. मग गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. महजरावर पाटलाची निशाणी नांगर. सुतार, कुंभार, न्हावी, महार यांची नावं आणि आपापली खूण. म्हणजे ज्यांच्या घरात सनदेचा तुकडाही नव्हता, ती माणसंसुद्धा दुसऱ्याच्या भांडणात साक्षीदार म्हणून नावानिशी उभी आहेत. आपण भाऊबंदकीला नावं ठेवतो. पण महाराष्ट्रातल्या घराण्यांचा लिखित इतिहास राखला तो बराचसा भाऊबंदकीनंच!

हे कागद छापायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकात. १८७८ मध्ये 'काव्येतिहास-संग्रह' निघालं. त्यात बखरी, पत्रं, यादी छापल्या जाऊ लागल्या. पुढे पारसनीसांचं 'इतिहाससंग्रह' आलं. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड आला. असे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाचं त्रैमासिक आणि 'शिवचरित्रसाहित्य' चे खंड ही घराणं शोधणाऱ्यासाठी खाण आहे. नाव शिवचरित्र, पण आत पानोपानी महजर, करीने, निवाडपत्रं, वतनपत्रं. आदिलशाही-निजामशाहीपासूनची. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांचा संग्रह सांभाळायला तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याचं 'संशोधक' हे नियतकालिक. उत्तर कोकणातल्या कुळांबद्दल विचारणारा कुणी असेल तर त्यानं राजवाड्यांनी संपादित केलेली महिकावतीची बखर बघावी. तिचा जुना भाग पंधराव्या शतकातला आहे.

पण आपण विदर्भातले. आपले कागद पुण्याच्या मानानं कमी छापले गेले, हे खरं. तरी सुरुवात जवळून करा. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेख-ताम्रपटांची जिल्हावार यादी १९१६ मध्ये छापली. तुमच्या गावाच्या आसपास कोणता लेख आहे हे त्यात एका दृष्टीत दिसतं. महामहोपाध्याय मिराशींचं काम आणि नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ, त्याची वार्षिकं. यवतमाळला डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभा केला आणि हस्तलिखितं, कागद जमवले. यवतमाळ देवळीहून किती लांब आहे? पुण्याची गाडी पकडण्याआधी तिकडे विचारा. यादव माधव काळे यांचे 'वऱ्हाडचा इतिहास' आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' हे दोन ग्रंथ जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांत मागून बघा. घराण्यांचे उल्लेख त्यांत विखुरलेले आहेत.

आणि एक साधन जे हक्कावर उभं नाही : महानुभावांचं वाङ्मय. 'लीळाचरित्र', 'स्मृतिस्थळ'. तेराव्या-चौदाव्या शतकातली साधी माणसं, गावाच्या नावासकट. त्यांच्याकडे वतन होतं म्हणून ती नोंदली गेली नाहीत. चक्रधरस्वामींची त्यांची गाठ पडली म्हणून नोंदली गेली. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये निघालं. वऱ्हाडातलं आपलं गाव त्यात आहे का, एवढं तरी बघा.

आता नदीचा नियम. वर्धा नदी ही आपल्याकडे शतकभर राज्यांची सीमा होती. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. म्हणून पूर्वज नदीच्या अलीकडचा, म्हणजे देवळीच्या बाजूचा असेल, तर भोसल्यांचा काळ नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधायचा. पलीकडचा असेल तर निजामाचं दप्तर, म्हणजे हैदराबाद. तिथल्या अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळचे दख्खनचे मोगली कागदही आहेत, फारसीत. त्याच्याही मागे 'आईने-अकबरी' मध्ये वऱ्हाड सुभ्याचे सरकार दिले आहेत. त्यात पवनार आहे, कळंब आहे. आज आपण वर्धा जिल्हा म्हणतो, पण वर्धा शहर १८६६ चं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदात 'वर्धा जिल्हा' शोधाल तर रिकाम्या हातानं परत याल. पवनार शोधा.

तसंच आडनावाचं. लोक संस्थेला पत्र पाठवतात : "आमचं आडनाव अमुक, माहिती कळवावी." तिथला माणूस काय कळवणार? मध्ययुगीन कागदात बहुधा नाव, बापाचं नाव, गाव आणि हुद्दा असतो. 'अमका बिन तमका, मोकदम, मौजे अमुक, परगणे तमुक.' आजचं आडनाव बऱ्याच घरांत फार उशिरा पक्कं झालं. गाव बदललं की आडनाव बदललं, हुद्दा मिळाला की बदललं. म्हणून पत्रात आधी मौजा लिहा, मग परगणा, मग काम, मग अंदाजे काळ. आडनाव शेवटी. आणि सन नीट बघा. कागदावर 'सन' असेल तर तो इसवी नाही. शक असेल तर ७८ मिळवा. शुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. यात चूक झाली की नातू आजोबाच्या आधी जन्मतो!

आता मी माझ्या विषयावर येतो आणि माझ्या चुकीवरही.

भारतीय दर्शनांत ज्ञानाची साधनं मोजतात, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती त्यांत आणखी एक मानतात : अनुपलब्धी. एखादी गोष्ट दिसत नाही, यावरून ती नाही हे कळणं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. पण ते लगेच एक अट घालतात. त्या अनुपलब्धीला योग्यता हवी. म्हणजे घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधार असेल तर 'घडा दिसत नाही' याचा अर्थ फक्त दिवा नाही एवढाच.

मी हे वर्गात तीस वर्षं शिकवलं. आणि निवृत्तीनंतर आमच्या घराण्याची पुस्तिका छापली तेव्हा विसरलो.

आमच्याकडे तोंडी वंशावळ होती. चार भाऊ. त्यातल्या तिसऱ्याच्या नावापुढे आजोबा 'निःसंतान' म्हणत. मीही तेच छापलं. कुलसंमेलनात शंभर प्रती वाटल्या, हार घालून घेतला. दोन-तीन महिन्यांनी एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून घरी आल्या. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. एकोणिसाव्या शतकातल्या बंदोबस्ताच्या मिसलीची नक्कल होती. मालगुजारीच्या हिस्सेदारांत आमच्या गावाचं नाव, आमच्या भावांची नावं आणि तिसऱ्या हिश्श्यावर एका बाईचं नाव, त्यापुढे 'बेवा' आणि त्या तिसऱ्या भावाचं नाव. त्याची विधवा. बाई म्हणाल्या, "तिला एक लेक होती जी. त्या लेकीची मी पणती. तुमच्या पुस्तकात आम्ही जन्मलोच नाही."

मी गप्प बसलो. काय बोलणार? तोंडी वंशावळीत मुलगी सांगायची पद्धतच नव्हती. ज्या यादीत मुली लिहायच्याच नाहीत, त्या यादीत मुलगी दिसत नाही म्हणून ती नव्हती असं मी धरून चाललो होतो. अंधारात घडा नाही म्हणणारा माणूस! पुढे पुस्तिकेला एक पान जोडलं आणि ते सगळ्यांना पुन्हा पाठवलं. त्या बाईंनाही पाठवलं. पोचपावती आली नाही. येईलच असंही नाही.

हा शंभर-दीडशे वर्षांतला किस्सा झाला. पाचशे वर्षांमागे गेलात तर हाच नियम दसपट लागू होतो. वतनाच्या कागदात तुमचा पूर्वज नाही, याचा अर्थ तो त्या गावात नव्हता असा होत नाही. त्याच्याकडे वतन नव्हतं, एवढाच होतो. बलुतेदारांच्या साक्षी असलेल्या महजरात, ज्या गावचा तो होता त्या गावच्या महजरात, त्या पिढीत त्याच्या कुळाचं कुणी नाही, तर मात्र विचार करायला जागा आहे. तिथे दिवा लागलेला होता. प्रत्येक कागद हातात घेताना आधी विचारा : माझा माणूस असता तर या कागदात आलाच असता का? उत्तर 'नाही' असेल तर त्याच्या गैरहजेरीवर काही बांधू नका.

आणि उलटही. चंद्रापर्यंत नेणारा दिवा कुणी विकत असेल तर तो घेऊ नका. भाटांच्या वह्या, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या नामावळ्या, सांगली-कोल्हापूरकडे हेळव्यांची तोंडपाठ कुळं, ही सगळी मोलाची साधनं आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशशोध संस्थेनं १९७७ पासून घेतली, ती उगाच नाही. पण त्यातही यात्रेकरूनं स्वतः सांगून लिहिलेली पिढी वेगळी आणि वरच्या टोकाला जोडलेला राजवंश वेगळा. छापील कुलवृत्तांतांचंही तेच. मधल्या पिढ्या उपयोगी, मूळपुरुषाचं प्रकरण सावधपणे वाचायचं.

मग करायचं काय? आजपासून मागे जायचं, मागून पुढे यायचं नाही. आधी घरचे कागद, कोतवाल बुक, शाळा. मग जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातली बंदोबस्ताची मिसल. मग नागपूर किंवा हैदराबाद. आणि एवढं झाल्यावर, गाव आणि परगणा हातात घेऊन, संशोधन मंडळांच्या दारात. तिथे अंक चाळत बसू नका, आधी सूची मागा. खंडांना शेवटी ग्रामनामांची सूची असते, ती आधी बघा. कोणता ग्रंथ निघाला होता हेच माहीत नसेल तर शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, १८०० ते १९३७ पर्यंतची. मोडी शिका. दोन-तीन महिन्यांत अक्षर लागतं, मी पासष्टीनंतर शिकलो.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पेटीत, देवघराच्या फळीवर जुने कागद असतील. त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सावलीत ठेवा, फोटो काढा आणि एक प्रत मंडळाला द्या. आज आपण ज्या अंकांत पूर्वज शोधतो, ते अंक कुणीतरी दिलेल्या दप्तरांतूनच भरले आहेत. विदर्भाचे कागद छापले गेले नाहीत, अशी तक्रार आपण करतो. त्यातले किती आपल्याच माळ्यावर आहेत?

(व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं, "सर, आमच्या आजोबांच्या आधी काहीच नाही. वतन नाही, मिसलीत नाव नाही. आम्ही काय शोधायचं?")

चांगला प्रश्न विचारलास बाबा. नाव सापडेल असं वचन मी देणार नाही. पण तुझं गाव सापडेल. त्या गावात कोणत्या काळी कोण राबत होतं, विहीर कुणी खणली, दुष्काळात कोण निघून गेलं, कुणाच्या भांडणात कुणी साक्ष दिली, हे सापडेल. तुझा माणूस त्या गर्दीत होता. त्याचं नाव लिहायला कुणी थांबलं नाही, एवढंच. तू गावाचा कागद वाच. आणि तुझ्या आजोबांना जे आठवतं ते आजच लिहून ठेव, आजीला आठवतं तेही. मुलींच्या नावांसकट.